हवामान बदलाने झालेल्या नुकसानीचं करायचं काय: विमा, निधी की न्यायालय?

ओहोळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या अभ्यासमंडळात मला 'लॉस अँड डॅमेज', म्हणजे हवामान बदलाने होणारी हानी-नुकसान, या विषयावर तासभर बोलायचं आहे. विषय मीच मागून घेतला. हा शब्द बातम्यांत सारखा दिसतो आणि दर वेळी बातमी 'निधी जाहीर' एवढ्यावरच संपते, ते मनाला पटत नव्हतं.

उत्सर्जन कमी करणं म्हणजे काय ते कळतं. जुळवून घेणं म्हणजे काय तेही कळतं: बांध, वादळात आसऱ्याच्या इमारती, कमी पाण्यावर तगणारं बियाणं. पण हे सगळं करूनही जे जातंच, त्याचं काय? वाचायला बसलो तर एक म्हणतो विमा काढा, दुसरा म्हणतो जागतिक निधी भक्कम करा, तिसरा सरळ आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे बोट दाखवतो. प्रत्येकाला आपलाच उपाय रामबाण वाटतो.

माझं घोडं सगळ्यात जास्त अडतं ते आकड्यांपाशी. २०२२ च्या पुराचा फटका पाकिस्तानात ३ कोटी ३० लाख लोकांना बसला, १,७०० हून अधिक माणसं गेली. तिथल्या सरकारने जागतिक बँक वगैरे संस्थांबरोबर केलेल्या पाहणीनुसार १४.९ अब्ज डॉलरची मालमत्ता गेली आणि १५.२ अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडालं. आणि सगळ्या विकसनशील देशांसाठी म्हणून जो निधी उभा राहिलाय, त्याच्या पहिल्या टप्प्यात वाटायला काढलेले पैसे आहेत २५ कोटी डॉलर. एका देशाच्या एका पुराचा एक टक्काही त्यात भरून निघत नाही. मग या निधीवर इतकी वर्षं भांडण कशासाठी चाललं? विमा खरंच कामाचा असेल तर निधी हवा कशाला? आणि गाव, स्मशान, मासेमारीची जागा हे जे पैशात बसतच नाही, त्याचा विचार कुठे होतो का?

जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं. परिषदांची जंत्री नको, नेमकं काय चालतं आणि काय चालत नाही ते हवंय.

---

जुना सर्वेअर

ओहोळ, चांगला विषय मागून घेतलात. मी नोकरीची सगळी वर्षं विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्यात घालवली. आग, पूर, वादळ, जे काही झालं असेल तिथे जायचं, काय गेलं ते बघायचं आणि कागदावर उतरवायचं. निवृत्तीनंतर या विषयाने पकडलं ते त्यामुळेच. उत्तर त्याच अंगाने येईल.

'विमा की निधी की कोर्ट' अशी मांडणी करू नका. आधी विचारा, पैसा कधी हवाय? येत्या पंधरवड्यात, येत्या पाच-सात वर्षांत, की जे गेलंय ते पैशाने परत येणारंच नाही? एकच साधन या तिन्ही ठिकाणी चालत नाही. दुसरा प्रश्न परिषदांत फारसा ऐकू येत नाही, पण पडक्या घरासमोर उभं राहिलं की तोच पहिला येतो: काय गेलं हे ठरवतंय कोण? निधी कितीही मोठा करा, मोजण्याची पट्टी चुकीची असेल तर ज्याचं सगळ्यात जास्त गेलं त्याच्याच नावापुढे शून्य पडतं. माझा सगळा जोर या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आता विमा. देशांनी काढलेला हा विमा आपल्या गाडीच्या किंवा घराच्या विम्यासारखा नसतो. तिथे सर्वेअर जातच नाही. याला पॅरामेट्रिक विमा म्हणतात. करारात आधीच लिहून ठेवलेलं असतं की वाऱ्याचा वेग इतका झाला, पाऊस इतका पडला किंवा नकाशावरच्या अमुक चौकटीत हवेचा दाब इतका उतरला, की तमुक रक्कम द्यायची. नोंदी हवामान यंत्रणांच्या, हिशोब मॉडेलचा. प्रत्यक्ष किती घरं पडली हे कोणी विचारत नाही.

याचा फायदा खरा आहे आणि तो वेगाचा आहे. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये असा सामाईक विमा सुरू केला. तिथे पैसे चौदा दिवसांत द्यायचे असा दंडक आहे. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटावर क्वचितच एखादं छप्पर शाबूत ठेवलं, तेव्हा त्या देशाला या विम्यातून चार कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. बंदर बंद, वीज नाही, करवसुली ठप्प, अशा वेळी पंधरवड्यात हातात आलेल्या पैशाची किंमत त्याच्या आकड्यापेक्षा मोठी असते. म्हणून विम्याला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण त्याच बेरिलची दुसरी बाजू बघा. जमैकाकडे १५ कोटी डॉलरचा आपत्ती रोखा होता, ज्याला कॅट बाँड म्हणतात: करारातली अट पुरी करणारी आपत्ती आली की गुंतवणूकदारांनी ठेवलेले पैसे देशाला मिळतात. वादळाने जमैकाचा दक्षिण किनारा झोडपून काढला. करारातल्या चौकटींमध्ये हवेचा दाब मात्र ठरलेल्या पातळीखाली उतरला नाही, आणि रोख्यातून एक डॉलरही निघाला नाही. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलिसा आलं, पाचव्या श्रेणीचं. या वेळी रोख्याचे १५ कोटी पूर्ण मिळाले, सामाईक विम्यातूनही वेगळी रक्कम आली. मेलिसाने केलेल्या पडझडीचा अंदाज ८.८ अब्ज डॉलर. म्हणजे रोखा पूर्णपणे वटला तेव्हाही तो नुकसानीच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत पोचला नाही. विमा पहिल्या पंधरवड्याचं साधन आहे, देश पुन्हा उभा करण्याचं नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण मलावीचं. तिथल्या सरकारने आफ्रिकन देशांच्या सामाईक यंत्रणेकडून २०१५-१६ च्या हंगामासाठी दुष्काळाचा विमा घेतला होता, हप्ताही भरला होता. दुष्काळ पडला, एप्रिल २०१६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली, साठ लाखांहून अधिक लोकांना अन्नाची मदत लागणार हे दिसत होतं. विम्याचं मॉडेल मात्र म्हणत होतं की फारसं काही झालेलं नाही, पैसे देय नाहीत. का? मॉडेलने धरलं होतं की शेतकरी जास्त दिवसांचा मका लावतात. प्रत्यक्षात बहुतेकांनी कमी दिवसांचं वाण घेतलं होतं. ज्या आठवड्यांत पावसाने दडी मारली ते या वाणाच्या दाणे भरण्याचे आठवडे होते. उपग्रहाच्या आकडेवारीत हे कुठून दिसणार? लोक शेतात जाऊन विचारून आले तेव्हा मॉडेल दुरुस्त झालं आणि सुमारे ८० लाख डॉलर मंजूर झाले. ते पोचले जानेवारी २०१७ मध्ये. भुकेचे महिने तोवर बरेचसे उलटून गेले होते.

'कोणतं बी पेरलंत?' हा प्रश्न बांधावर उभं राहून विचारायला कितीसा वेळ लागतो! तो वेळेवर कोणी विचारला नाही.

आमच्या कामातही हेच दिसायचं. पूर ओसरलेल्या घरात शिरलं की आधी भिंतीवरची पाण्याची रेघ बघायची. रेघेखालचं गेलं, वरचं वाचलं, मग फॉर्म भरायचा: भिंत, छप्पर, फर्निचर, यंत्रं, मालाचा साठा. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी मशीन चिखलात अडकलेलं होतं. त्याचे घसारा वजा जाता पैसे बसणार होते. बाई मशीनबद्दल बोलतच नव्हत्या. त्यांनी ओल्या वह्यांचा एक गठ्ठा माझ्यापुढे धरला. कोणाकडून किती येणं आहे ते सगळं त्यात होतं आणि शाई पसरून पानापानावर नुसते निळे डाग उरले होते. त्यांचं खरं भांडवल ते होतं. त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. देशांच्या पातळीवर मोजणी होते तेव्हा असे किती रकाने नसतील, हा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

आणखी एक, आणि हे तुमच्या भाषणात यायलाच हवं. विमा अनिश्चित गोष्टीचा निघतो. समुद्र चढणार हे नक्की आहे, खारं पाणी विहिरीत शिरणार हे नक्की आहे, हिमनदी आटणार हे नक्की आहे. जे होणारच त्याचा विमा कोण देणार? गंमत नव्हे, खेद याचा वाटतो की १९९१ मध्ये, हवामान कराराच्या वाटाघाटी चालू असतानाच, वानुआतूने छोट्या बेटांच्या गटातर्फे समुद्रपातळीच्या नुकसानीसाठी आंतरराष्ट्रीय विमा निधी सुचवला होता. त्यात हप्ता भरायचा होता औद्योगिक देशांनी, आपापल्या उत्पन्नाच्या आणि उत्सर्जनाच्या प्रमाणात. ते मान्य झालं नाही. तीस-पस्तीस वर्षांनी विमा आला खरा, पण हप्ता मलावी भरतो आणि जमैका भरतो. काही दाते त्याला हातभार लावतात, तरी मूळ जबाबदारी उलटी फिरली ती फिरलीच.

---

ताळेबंद

सर्वेअरकाका, वह्यांचा प्रसंग वाचून थांबले. मी देशांच्या कर्जांचं विश्लेषण करते, त्यामुळे माझ्या बाजूचा एक रकाना जोडते. तो नुकसानीच्या अहवालांत सहसा नसतो: आपत्तीनंतर घेतलेलं कर्ज.

डॉमिनिका हा सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचा देश. २०१७ च्या मारिया वादळाने एका रात्रीत झालेलं नुकसान त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या २२६ टक्के होतं. दोनच वर्षांपूर्वी एरिका वादळात सुमारे ९० टक्के गेलं होतं, त्यातून तो अजून सावरतच होता. मोझांबिकमध्ये मार्च २०१९ ला इडाई चक्रीवादळ आलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जी तातडीची मदत दिली, सुमारे ११.८ कोटी डॉलर, ती कर्ज होती. बिनव्याजी, पण कर्ज. देश आधीच जुनं कर्ज फेडू शकत नव्हता. ओहोळ, तुम्ही पाकिस्तानचा आकडा दिलात. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत नऊ अब्ज डॉलरहून जास्त आश्वासनं मिळाली म्हणून मथळे आले. त्यातला फार मोठा भाग प्रकल्पांसाठीची कर्जं होती. ज्याने धूर सोडला त्याने पैसे उसने द्यायचे आणि ज्याचं घर वाहून गेलं त्याने ते फेडायचे, हा व्यवहार मला कितीही वेळा पाहिला तरी सहन होत नाही.

थोडं बरं म्हणावं असं एक कलम आहे. ग्रेनाडाने आपल्या कर्जरोख्यांत वादळाचं कलम घालून घेतलं होतं. बेरिलनंतर ते वापरून त्यांनी हप्ते पुढे ढकलले. खाजगी धनकोंच्या रोख्यांत असं कलम प्रत्यक्ष वापरलं गेल्याची ही पहिलीच वेळ. आता जागतिक बँक वगैरेही छोट्या देशांना असा थांबा देतात. हप्ता माफ होत नाही, लांबतो. पण वादळाच्या वर्षी सरकारच्या हातात पैसा राहतो आणि हे करायला नवीन निधी लागत नाही. प्रत्येक कर्जात हे कलम सक्तीचं करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता 'पैसा आणायचा कुठून'. विकसनशील देशांची न टाळता येणारी हानी २०३० पर्यंत वर्षाला २९० ते ५८० अब्ज डॉलरच्या घरात जाईल, असा एक अंदाज सगळीकडे वापरला जातो. मंत्र्यांनी व्यासपीठावर केलेल्या घोषणांतून हे भरणार नाही. वर्गणी नियमाने बसायला हवी. असं आधी झालेलं आहे. समुद्रात टँकरमधून तेल सांडलं तर भरपाई देणारा एक आंतरराष्ट्रीय निधी कित्येक दशकं चालू आहे. सदस्य देशांत जी कंपनी वर्षाला दीड लाख टनांपेक्षा जास्त तेल समुद्रमार्गे उतरवून घेते, ती टनांच्या हिशोबाने त्यात पैसे भरते. ही कोणाची कृपा नाही, धंद्याचा खर्च आहे. फ्रान्सने २००६ पासून विमानाच्या तिकिटावर छोटा आकार लावला, त्यातून गरीब देशांतल्या औषधोपचारासाठी पैसा गेला. अमेरिकेत व्हर्मोंट आणि न्यूयॉर्क या राज्यांनी २०२४ मध्ये कायदे केले, मोठ्या तेल-वायू-कोळसा कंपन्यांकडून जुन्या उत्सर्जनाच्या प्रमाणात रक्कम वसूल करण्याचे. न्यूयॉर्कचं लक्ष्य २५ वर्षांत ७५ अब्ज डॉलर. त्यावर खटले चालू आहेत, आणि तो पैसा त्या राज्यांतच राहील, पण हिशोब लावता येतो हे तरी सिद्ध झालं. जहाजांच्या इंधनावर जागतिक आकार बसवण्याचा प्रस्ताव ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐनवेळी वर्षभर पुढे ढकलला गेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

---

ओहोळ

दोघांचेही आभार, इतकं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. वानुआतूच्या १९९१ च्या प्रस्तावाचं तर मला माहीतच नव्हतं.

दोन गोष्टी अजून अडतात. पॅरिस करारात लॉस अँड डॅमेजचं स्वतंत्र कलम आहे, पण त्यावरून भरपाई मागता येणार नाही असंही कुठेतरी लिहिलंय म्हणतात. मग न्यायालयात जाऊन उपयोग काय? आणि सर्वेअरकाका, ज्या गोष्टींना रकानाच नाही त्यांच्याबद्दल तुम्ही पुढे काय सुचवाल? नव्या निधीबद्दलही तुमचं मत सांगा.

---

कायदाकानू

पहिल्या प्रश्नाला मी घेतो.

पॅरिस कराराचं कलम ८ हानी-नुकसानीचं आहे. ते मिळवताना छोट्या देशांनी किंमत मोजली: करारासोबतच्या निर्णयात परिच्छेद ५१ घातला गेला की या कलमातून दायित्व किंवा भरपाईचा कोणताही आधार निघत नाही. पण हे वाक्य कलम ८ पुरतं आहे. देशांच्या बाकीच्या कायदेशीर जबाबदाऱ्या त्याने पुसल्या जात नाहीत. नेमका हाच धागा पकडून पुढची लढाई झाली.

२०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या एका विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न जगाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायचा. वानुआतूच्या सरकारने तो उचलला. २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने मत दिलं. हवामानाचं रक्षण करण्याची जबाबदारी फक्त हवामान करारांतून येत नाही, रूढ आंतरराष्ट्रीय कायद्यातूनही येते. ती मोडली तर चूक थांबवणं आणि परिस्थितीनुसार पूर्ण भरपाई देणं हे परिणाम लागू होऊ शकतात. अट एक: चूक आणि नुकसान यांच्यातला कार्यकारणसंबंध पुरेसा स्पष्ट दाखवावा लागेल. हे सल्लावजा मत आहे, हुकूमनामा नाही. पण पुढच्या प्रत्येक खटल्यात आणि वाटाघाटीत ते टेबलावर असणार.

कार्यकारणसंबंध किती अवघड पडतो ते पेरूच्या शेतकऱ्याच्या खटल्यात दिसतं. हुआरास शहराच्या वर, डोंगरात पाल्काकोचा नावाचं सरोवर आहे. हिमनदी वितळून ते फुगलंय आणि फुटलं तर खालचं शहर धोक्यात येतं. त्या शेतकऱ्याने २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर जर्मनीतच दावा लावला. मागणी काय, तर जगाच्या एकूण औद्योगिक उत्सर्जनात कंपनीचा वाटा सुमारे ०.४७ टक्के धरून, संरक्षणाच्या खर्चातला तेवढाच वाटा तिने द्यावा. मे २०२५ मध्ये हाम इथल्या न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्याच्या घराला येत्या तीस वर्षांत असलेला धोका पुरेसा मोठा ठरला नाही. पण तत्त्व म्हणून न्यायालयाने मान्य केलं की मोठा उत्सर्जक हजारो मैलांवरच्या नुकसानीला दिवाणी कायद्याखाली जबाबदार ठरू शकतो. दहा वर्षं लागली आणि दावा हरला, तरी मी याला फुकट गेलेला खटला म्हणणार नाही.

तिसरा मार्ग मानवी हक्कांचा. ऑस्ट्रेलियाच्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे गेले. २०२२ मध्ये समितीने म्हटलं की सरकारने वेळेवर संरक्षण न दिल्यामुळे त्यांच्या कौटुंबिक जीवनाच्या आणि संस्कृती जपण्याच्या हक्काचा भंग झाला. त्यांच्या तक्रारीत पूर्वजांच्या कबरींवर येणाऱ्या भरतीच्या पाण्याचा मुद्दा होता. सर्वेअरकाकांचा 'रकाना नसलेला' मुद्दा कायद्याने ऐकून घेतला तो असा.

आज पूर आलेल्या माणसाला न्यायालयातून या हंगामात काही मिळत नाही. न्यायालयाने निधीच्या बैठकीतलं वजन बदलतं, एवढं मी खात्रीने सांगेन. मागणारा याचक राहत नाही.

---

जुना सर्वेअर

कायदाकानू, कबरींचा मुद्दा आणलात ते फार बरं केलंत. ओहोळ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

पैशात न बसणाऱ्या नुकसानीबद्दल दोन टोकाच्या भूमिका दिसतात. एक म्हणते प्रत्येक गोष्टीला किंमत लावा, नाहीतर निधीत जागा मिळणार नाही. दुसरी म्हणते यांना मोजणं हाच अपमान आहे. मला दोन्ही पटत नाहीत. कबरीचा भाव लावू नये, पण नोंद झालीच पाहिजे. नोंद झाली तरच त्यासाठी काही करता येतं: अवशेष हलवणं, जुन्या जागेवर जायला बोट ठेवणं, भाषा आणि गाणी जपायला माणसं नेमणं, ज्येष्ठांनी सांगितलेली मासेमारीची ठिकाणं नकाशावर उतरवणं. या सगळ्याला खर्च येतो आणि तो खर्च अंदाजपत्रकात मांडता येतो.

पनामातलं गार्डी सुगडुब बेट बघा. गुना समाजाची सुमारे तीनशे कुटुंबं जून २०२४ मध्ये मुख्य भूमीवर नव्या वसाहतीत गेली. घरं मिळाली, म्हणजे घराचा रकाना भरला. पण ज्यांचा दिवस होडीत सुरू व्हायचा ते आता समुद्रापासून आत राहतात, आणि काही कुटुंबं बेट सोडायला तयार झाली नाहीत. फिजीने वुनिदोगोलोआ गाव २०१४ मध्येच आत हलवलं आणि पुढे अशा स्थलांतरासाठी मार्गदर्शक नियम लिहून काढले. त्यात लोकांच्या संमतीला जागा आहे, म्हणून ते मला महत्त्वाचे वाटतात. तुवालूने ऑस्ट्रेलियाशी करार करून वर्षाला २८० माणसांना तिथे राहायला जायची वाट मिळवली, आणि त्याच सुमारास आपल्या राज्यघटनेत लिहून ठेवलं की जमीन बुडाली तरी देश कायम राहील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागणाऱ्या लोकांच्या मनाचं काय होत असेल ते तुमच्या श्रोत्यांना जरा विचार करायला सांगा.

आता निधी. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत निर्णय झाला, ३० नोव्हेंबर २०२३ ला दुबईत पहिल्याच दिवशी तो चालू करण्यावर शिक्कामोर्तब झालं. मंडळावर २६ जागा, त्यांतल्या १४ विकसनशील देशांच्या. जागतिक बँकेकडे तात्पुरतं यजमानपद आहे, ज्याला गरीब देशांचा बराच विरोध होता. तुम्ही म्हणता ते २५ कोटी एप्रिल २०२५ मध्ये बार्बाडोसच्या बैठकीत ठरले. एका प्रस्तावाला ५० लाख ते २ कोटी डॉलर, तेही अनुदान म्हणून, आणि निदान निम्मी रक्कम अतिगरीब देशांना आणि छोट्या बेटांना. रक्कम अगदी तोकडी आहे, यावर वाद नाही. तरी भांडण कशासाठी होतं ते यातच दिसतं: कर्ज नको, अनुदान हवं, आणि निर्णयात ज्यांचं नुकसान झालंय त्यांचं बहुमत हवं. हे दोन्ही मिळालंय. पैशाचा ओघ वाढला तर नळ तरी आपल्या बाजूला बसवलेला आहे.

माझी काळजी वेगळी आहे. प्रस्ताव सरकारांमार्फत येणार, मोठ्या संस्था ते राबवणार. गावापर्यंत थेट जाणारी छोट्या अनुदानांची वाट कागदावर मान्य आहे, पण ती रुंद झाल्याशिवाय त्या शिवणकामवाल्या बाईंपर्यंत काही पोचत नाही.

मोजणीबद्दल माझी एक ठाम सूचना आहे, ती तुम्ही हवी तर माझी म्हणून मांडा. मोजणी दोनदा व्हावी. बांगलादेशच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर २००९ मध्ये ऐला वादळ आलं. तिथली पूर्वसूचना यंत्रणा वाखाणण्यासारखी आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसं गेली होती, त्या मानाने ऐलात गेलेल्यांची संख्या फार कमी. जगाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि कॅमेरे निघून गेले. पण बांध फुटले होते. काही भागांत ते जवळजवळ दोन वर्षं बांधलेच गेले नाहीत आणि भरतीचं खारं पाणी रोज दोनदा शेतात येत राहिलं. पहिल्या महिन्यात गेलेल्या पाहणीपथकाला पडलेली घरं दिसली असतील. नापीक झालेली जमीन, पिण्याच्या पाण्यासाठी वाढलेली पायपीट, शहराकडे निघून गेलेला कर्ता माणूस, हे त्या पथकाला दिसणं शक्यच नव्हतं. ते पुढच्या हंगामात दिसतं.

म्हणून पहिली पाहणी पंधरवड्यात, तिच्यावर तातडीचे पैसे सुटावेत. दुसरी वर्षाने, त्याच घरांत, त्याच गावातल्या माणसांना सोबत घेऊन, आणि दुसऱ्या हप्त्याची रक्कम तिच्यावर ठरावी. पहिल्या फॉर्मात एक कोरा रकाना ठेवावा: 'तुमच्या मते सगळ्यात मोठं काय गेलं?' पाहणी करणाऱ्याने तिथे स्वतःचे शब्द घालू नयेत. अशा रकान्याने फॉर्म निकामी होईल, आकडे जुळणार नाहीत, असं मला सांगणारे अनेक भेटलेत. आकडे बाकीच्या रकान्यांतून जुळवता येतात.

भाषणात मलावी नक्की घ्या. मक्याच्या वाणाचा तपशील सांगितलात की मॉडेल कुठे चुकतं ते ऐकणाऱ्यांना चटकन कळेल. आणि निधीचे आकडे फळ्यावर लिहाल तेव्हा तीन ओळी वेगळ्या ठेवा: किती कबूल केले, किती खात्यात जमा झाले, किती प्रत्यक्ष लोकांच्या हातात गेले. तिसरी ओळ भरायला अडचण आली तर ती तशीच रिकामी दाखवा. त्यावरच चांगली चर्चा होईल.